पणजोबांच्या आधी पणजीला शोधा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक पन्नाशीला टेकलेले शिक्षक आहेत. मूळ गाव भडगाव तालुक्यात गिरणेकाठी, नोकरीमुळे राहायला नाशिकला. पुतण्याच्या जातपडताळणीसाठी वंशावळ जमवताना त्यांनी आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढला. त्यात वडिलांच्या रकान्यात आजोबांच्या मामांचं नाव आहे, पुढे 'पालक' असा शेरा आहे, आणि जन्मतारीख १ जून १९१९ आहे. आजोबा मामांकडे वाढले आणि त्यांनी मामांचंच आडनाव लावलं, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. 'वडील लहानपणीच गेले' यापलीकडे कोणी काही बोलत नसे. गेल्या श्रावणात कानबाई या खान्देशी देवीच्या रोटांवरून (नैवेद्याच्या पोळ्यांवरून) भाऊबंदांत वाजलं आणि त्यातला एक जण बोलून गेला, "तुम्ही आमच्या कुळाचे नाहीतच." गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी नंतर सांगितलं की खरे पणजोबा म्हणजे नदीपलीकडच्या गावचे तेव्हाचे पाटील. पत्रलेखकाचे वडील ८१ वर्षांचे आहेत. ते म्हणतात, "गाडेल मढं कसाले उकरी ऱ्हायना?" (पुरलेलं मढं कशाला उकरतोयस?) मुलगी मात्र डीएनए चाचणी करायला निघाली आहे. पत्रलेखक विचारतात: आमचे पणजोबा कोण? आम्ही नेमके कोणाचे? पाटलांच्या घरी जाऊन विचारावं का? आणि या सगळ्यात पणजीची बेअब्रू तर होणार नाही ना?

नमस्कार गुरुजी,

तुमच्या पत्रात नदीपलीकडच्या पाटलांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. मामांचा येतो, आजोबांचा येतो. पणजीचं नाव मात्र एकदाही येत नाही. ती भावंडांत कितवी, तिचं लग्न लागलं होतं का, लागलं असेल तर कुठल्या गावी, ती कधी आणि कुठे वारली, यातलं काहीच पत्रात नाही. तुम्हाला दोष देत नाही. आपल्याकडच्या बहुतेक वंशावळी अशाच असतात, बापाखाली मुलगा आणि मुलाखाली नातू. पण एका ठिकाणी बापाचं नाव गळालं की अशा वंशावळीला पुढे वाटच राहत नाही. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगते. पणजोबांना काही दिवस बाजूला ठेवा आणि पणजीला शोधा. १९१८ च्या पावसाळ्यापासून पुढचं वर्षभर ती कुठल्या गावात, कोणाच्या घरात होती, हे कळलं तर पणजोबांपर्यंत जायची वाट तिथूनच निघेल.

आधी तो उतारा नीट बघू. 'वडील अज्ञात' असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. एका मुलाला त्याच्या मामांनी शाळेत आणून बसवलं आणि हेडमास्तरांनी मामांचं नाव घालून पुढे 'पालक' लिहिलं, एवढंच त्यातून कळतं. त्या हेडमास्तरांचे आभार माना, कारण तो शेरा नसता तर मामाच बाप म्हणून कायमचे कागदावर बसले असते. तारखेवर मात्र विसंबू नका. तुम्ही स्वतः शिक्षक आहात, १ जून ही किती जणांची जन्मतारीख असते हे तुम्हाला मी सांगायला नको. शाळा जूनला सुरू व्हायची, मास्तर अंदाजानं वय धरायचे आणि हीच तारीख टाकायचे. तेव्हा जन्म एखादं-दोन वर्षं अलीकडे-पलीकडे धरूनच चाला.

त्या सालाकडेही जरा बघा. १९१८ चा पावसाळा दगा देऊन गेला आणि त्याच सालच्या सप्टेंबर ते डिसेंबरात इन्फ्लुएंझाची साथ गावोगाव फिरली. लोक तिला मानमोडी म्हणायचे. नेहमीच्या साथींसारखी ती फक्त म्हाताऱ्यांना आणि लेकरांना उचलत नव्हती, वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं तिनं फार नेली. पोटुशी असताना नवरा गेला आणि सासरी दाणा उरला नाही, म्हणून भावाकडे परत आलेली बाई त्या वर्षी खान्देशात नवलाची नव्हती. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. म्हणजे मूल मामाच्या गावी जन्मलं यावरूनही काही सिद्ध होत नाही. कदाचित तिच्या नवऱ्यानं तिला टाकलं असेल, फारकत झाली असेल. किंवा विधवा झाल्यावर तिचा दुसरीकडे पाट लागला असेल आणि मागचं लेकरू तिनं भावाच्या ओटीत दिलं असेल. हे त्या काळी सर्रास व्हायचं. तसं असेल तर आजोबांना आईकडून दुसऱ्या एखाद्या गावी भावंडं असतील, आणि त्यांच्या घरात पणजीबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती असेल. लग्नाशिवाय मूल झालं असणं हीही शक्यता आहेच, ती मी झाकून ठेवत नाही. पण इतक्या शक्यता समोर असताना तुम्ही एकच धरून बसला आहात, तीही भांडणात कोणीतरी तोंडावर फेकलेल्या वाक्यामुळे.

पाटलांच्या गोष्टीबद्दल मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत. पहिली अशी की ज्याच्या बापाचं नाव ठाऊक नाही अशा लेकराची गोष्ट गाव जेव्हा सांगतं, तेव्हा बाप बहुतेक वेळा मोठा माणूसच निघतो. पाटील, देशमुख, सावकार, नाहीतर एखादा साहेब. सालदाराचं नाव कोणी घेत नाही, आणि मानमोडीत मेलेल्या साध्या कुणब्याच्या पोराची गोष्ट होत नाही. त्या आजीबाई खोटं बोलल्या असं मी म्हणत नाही. त्यांनाही हे कोणीतरी सांगितलंय. तेव्हा त्यांच्याकडे पुन्हा जा आणि विचारा: तुम्हाला हे कोणाकडून कळलं, तुम्ही तेव्हा केवढ्या होतात, सांगणाऱ्या बाईचं आमच्या घराशी काय नातं होतं? त्या सासरहून या गावात आल्या असतील तर त्यांचं हे ऐकणं कितव्या तोंडचं आहे तेही कळेल. उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत उतरवा. पुरावा म्हणून त्याची किंमत कमी असेल, पण पुढे दुसरा धागा मिळाला की हेच शब्द ताडून बघता येतील.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पाटलांचं नाव ऐकल्यावर 'मनातून थोडं बरंही वाटलं' असं तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय. म्हणून विचारते, गोष्ट खरी निघाली तर ती तुमच्या पणजीच्या बाजूनं कशी दिसते? एका बाजूला गावचा वतनदार, दुसऱ्या बाजूला बेताच्या घरची तरुण मुलगी. तिला नाही म्हणायची सोय होती का? मूल झाल्यावर त्या वाड्यातून तिला काय मिळालं? शंभर वर्षांनी आपण वाड्याशी नातं जोडायला निघतो तेव्हा तिच्यावर काय गुदरलं असेल याचा विचार आधी व्हायला हवा. तुम्ही तिच्या बेअब्रूची काळजी करता. मला विचाराल तर तिची अब्रू शोध घेतल्यानं जात नाही. तिचं आयुष्य वगळून फक्त त्या पुरुषाचं नाव मिरवलं, तर तो तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होईल.

'आम्ही कोणाचे' या प्रश्नाचं एक उत्तर तुमच्या पत्रातच आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा रोटांसाठी घरातल्या माणसांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ धान्य निघतं आणि ते रोट कुळातल्यांनीच खायचे असतात. ही रीत किती कडक पाळतात हे खान्देशात वाढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. त्या मामांनी तुमच्या आजोबांच्या नावची मूठ धान्यात घातली. एक-दोन वर्षं नव्हे, आयुष्यभर. भाच्याला पोसणं वेगळं आणि रोटाला बसवणं वेगळं. त्या माणसानं हा निर्णय साऱ्या भाऊबंदांदेखत घेतला आणि निभावला. आज त्यांचाच कोणी नातू रागाच्या भरात काही बोलला, म्हणून तो निर्णय मोडत नाही. पणजोबांचं नाव उद्या सापडलं तरी तुमच्या मागे उभं राहिलेलं कूळ बदलत नाही. हे मनाशी पक्कं करून शोधाला निघा, कारण 'खऱ्या घराच्या' शोधात निघालेली माणसं अनेकदा होतं ते घर तोडून बसतात.

आता प्रत्यक्ष शोध. सुरुवात घरातून करा, आणि घरातही तुमच्या ८४ वर्षांच्या आत्यापासून, कारण आजीसोबत चुलीशी बसलेली ती आहे. 'आमचे पणजोबा कोण' हा प्रश्न तिला विचारू नका. त्याला उत्तर 'मला नाही माहीत बाबा' असंच येईल. रीतीभाती विचारा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात पितरांच्या नावानं घागर भरली जायची, तेव्हा पणजी कोणाकोणाच्या नावानं भरायची? वरती डांगर ठेवून, सांजोऱ्या आणि आंबा दाखवून आगारी (पितरांसाठी विस्तवावर घास) टाकताना नावं घेतली जातात. पणजी एखादी घागर कोणाचं नाव न घेता भरत होती का? कुंकू लावत होती की नाही? आजोबांनी कधी नात्यात नसलेल्या माणसाचं सुतक पाळलं का, कोणाच्या दहाव्याला निमूटपणे जाऊन आले का? मुलामुलींच्या सोयरिकी बघताना एखादं आडनाव किंवा एखादं गाव कारण न देता टाळलं जायचं का? यातला शेवटचा प्रश्न मी सगळ्यांत वर ठेवेन. भावकीत लग्न करत नाहीत, आणि घरातली जुनी माणसं ज्या कुळाला तोंडानं भावकी म्हणत नव्हती तिथेही सोयरीक होऊ देत नसत. मामांच्या कुळाशिवाय आणखी एक कूळ टाळलं जात होतं असं आत्यानं सांगितलं, तर तुम्हाला एक आडनाव मिळालं. कुलदैवताचंही तसंच. मामांकडचं सोडून पणजी आणखी कुठल्या देवीला नवस फेडायला जायची, एकवीरेला, पाटणादेवीला, मनुदेवीला की म्हसदीच्या धनदाईला, हे विचारा. बाई नवरा गमावते, पण सासरची देवी सहसा सोडत नाही.

मग कागद. गावात जन्म-मृत्यू झाला की त्याची नोंद गाव नमुना नंबर १४ मध्ये व्हायची, त्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. मुलाच्या जन्माच्या नोंदीत बापाचं नाव, जात आणि गाव असतं. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. एक वर्ष मागू नका, १९१७ ते १९२१ अशी सलग वर्षं मागा, आणि नुसती नक्कल न मागता वही प्रत्यक्ष पाहायची परवानगी मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच. पाहताना जन्मावर थांबू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ चे मृत्यूही उतरवून घ्या, मामांच्या गावचे आणि आजूबाजूच्या गावांचे, तुमच्या जातीतले तरुण पुरुष विशेष करून. पणजीच्या मृत्यूची नोंदही शोधा, कारण बाईच्या मृत्यूच्या नोंदीत तिला कोणाची तरी बायको म्हणून लिहिलेलं असतं. जुन्या कागदांत नावापुढे 'कोम' किंवा 'भ्रतार' आलं की पुढचं नाव नवऱ्याचं असतं, आणि 'वलद' किंवा 'बिन' आलं की बापाचं.

या वह्या त्या काळात बऱ्याचशा मोडीत लिहिलेल्या आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द एकमेकांना जोडून येतात, त्यामुळे नावं चुकीची वाचली जातात. एकाच जाणकाराच्या वाचनावर थांबू नका, त्याचं वाचन न सांगता दुसऱ्याकडूनही वाचून घ्या. मोडी वाचणारी माणसं गाठायला धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ ही चांगली जागा आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या तपासणीमुळे जिल्ह्याजिल्ह्यांत असे जुने कागद बाहेर काढले गेले, स्कॅन झाले, आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवरही टाकले गेले. तुमच्या गावची वही त्यात आहे का, हे आधी घरबसल्या बघून घ्या.

जमिनीचे कागदही बोलतात. मामांच्या वारसांचे फेरफार काढा. आजोबा लहान असताना त्यांच्या नावे काही आलं असेल तर नोंदीत 'अज्ञान' (म्हणजे अल्पवयीन) आणि 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचं नाव येतं, आणि ती जमीन कोणाकडून आली तेही येतं. परक्या माणसाकडून पणजीला चोळी-बांगडीसाठी दोन-चार एकर मिळालेले दिसले, तर तो मोठा धागा आहे. दुय्यम निबंधकाकडच्या जुन्या इंडेक्समध्ये बक्षीसपत्र, पोटगीचा लेख आणि दत्तकपत्र हे तिन्ही शोधा. दत्तकपत्र तर नक्कीच शोधा. पुष्कळ जातींत बहिणीचा मुलगा दत्तक घ्यायची चाल होती. मामांनी आजोबांना रीतसर दत्तक घेतलं असेल तर आडनावाचा आणि कुळाचा वाद त्या एका कागदावर मिटतो. कोर्टाकडेही एकदा चौकशी करा. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८८ खाली लग्नाशिवायच्या मुलासाठीसुद्धा बापाकडून पोटगी मागता येत होती. गरीब घरच्या बायकांनीही असे अर्ज केलेले आहेत. फार जुन्या फायली बहुधा नष्ट केलेल्या असतात, तरी नोंदवह्या कधीकधी उरतात.

एक काम तुम्हाला नाशिकमध्येच करता येईल. रामकुंडावरच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात, गाव आणि आडनाव सांगितलं की ते आपली वही काढतात. मामांच्या घरातलं कोणी अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला आलेलं असेल तर त्यांनी घरातल्या माणसांची नावं तिथे लिहिलेली असतील. बहीण आणि भाचा कसे लिहिलेत ते बघा. घरी ज्याचा उच्चार होत नसे ते नाव तीर्थावर मात्र घेतलं जायचं, कारण तिथे पितरांना पाणी द्यायचं असतं.

सासरचं गाव कळलं तर जुन्या हद्दी लक्षात ठेवा. १९०६ पर्यंत सगळा खान्देश एकच जिल्हा होता आणि त्याचं ठाणं धुळ्याला होतं. त्यानंतर पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तुमच्या भागातून मुली मालेगाव-नांदगावकडे दिल्या असतील तर शोध नाशिक जिल्ह्यात जाईल. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे सोयगाव किंवा कन्नडला दिली असेल तर तो तेव्हा निजामाचा मुलूख होता, आणि तिथले जुने कागद उर्दूतही सापडतात. पणजी 'डोंगराकडे' दिली होती असं आत्या म्हणाली, तर उर्दू वाचणारा माणूस सोबत न्यायची तयारी ठेवा.

असाच प्रश्न असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चच्या बाप्तिस्मा नोंदी आणि मुस्लिम कुटुंबांनी काझींकडच्या निकाहाच्या नोंदी पाहाव्यात. घरातलं मूल पंढरपूरहून आणलेलं होतं अशी कुजबूज असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. विधवांच्या मुलांसाठी तिथे १८७५ पासून प्रार्थना समाजाचं बालकाश्रम आहे आणि लांबलांबच्या गावांतून बायका तिथे बाळंत व्हायला जात. ज्यांचे आजोबा-पणजोबा भुसावळला रेल्वेत किंवा अमळनेरच्या गिरणीत होते, त्यांनी नोकरीच्या कागदांतलं वारसाचं नाव बघावं.

आता तुमच्या मुलीकडे येते. तिची उत्सुकता मला आवडली, पण चाचणीकडून काय मिळू शकतं हे तिला आधी समजलं पाहिजे. अशी चाचणी नाव सांगत नाही. त्याच कंपनीकडे ज्यांनी चाचणी केली आहे त्यांच्याशी तुमचं किती जुळतं एवढंच ती सांगते. पणजोबांच्या वंशातल्या कोणीच चाचणी केली नसेल तर हाती काही येत नाही, आणि खान्देशातल्या गावांतून अशा चाचण्या केलेली माणसं फार थोडी. पणजोबांचा वाटा तुमच्या वडिलांत आणि आत्यात सुमारे पाव, तुमच्यात आठवा आणि मुलीत सोळावा. म्हणजे मुलीची चाचणी सगळ्यांत कमी उपयोगाची. त्यात आपल्याकडे जातीतल्या जातीत आणि मामे-आते नात्यात पिढ्यानपिढ्या लग्नं झालेली, त्यामुळे लांबचा माणूसही जवळचा दिसतो. अंदाज चुकतात.

तुमच्या बाबतीत एक सोय आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे सरळ येतं, म्हणजे पणजोबांचं ते आजोबांकडून वडिलांमार्फत तुमच्यापर्यंत आलेलं आहे. त्या पाटलांचा सरळ पुरुषवंशातला कोणी आपणहून तयार झाला तर दोघांची तुलना करता येईल. जुळलं नाही, तर पाटलांची गोष्ट बहुधा तिथेच संपते. जुळलं तर मात्र 'त्या भावकीतला कोणी पुरुष' इतकंच कळतं. पाटील, त्यांचा भाऊ, पुतण्या, गडी म्हणून राबणारा लांबचा भाऊबंद, या सगळ्यांचं वाय सारखंच असतं. आणि एक कठीण गोष्ट सांगायलाच हवी. अशा चाचणीचं उत्तर कधीकधी कोणी कल्पनाही केली नव्हती त्या बाजूनं येतं, अगदी स्वतःच्या घरातूनही. ते ऐकायची तयारी तुमची आहे का, आत्याची आहे का, हे आधी बोला. माझं मत विचाराल तर कागदांचं काम होईपर्यंत चाचणी थांबवा. तुलना करायला नेमका माणूस समोर असेल तेव्हाच तिचा उपयोग आहे.

पाटलांच्या घरी जाण्याबद्दल: आत्ता नको. हातात फक्त ऐकीव गोष्ट असताना कोणाच्या उंबऱ्यावर जाऊन 'तुमच्या आजोबांचं आमच्या पणजीशी' असं बोलणं म्हणजे त्या घरावरही अन्याय आहे. कागदात धागा मिळाला, तर दोन्ही घरांचा विश्वास असलेल्या एका माणसामार्फत, त्यांच्या घरातल्या कर्त्या माणसाला एकट्याला भेटा. लग्नात, यात्रेत किंवा निवडणुकीच्या दिवसांत भेटू नका. पहिल्या भेटीतच सांगा की आम्हाला जमीन-जुमल्यात काही नको, लागलं तर तसं लिहून देतो. त्यांच्या मनात पहिली शंका तीच येणार. खरं तर हिंदू उत्तराधिकार कायद्यात लग्नाशिवाय जन्मलेल्या मुलाचं नातं आईकडूनच धरलेलं आहे, पण कायद्याचं कलम ऐकवून मनातली भीती जात नाही. शब्द द्यावा लागतो. ते नाही म्हणाले तर तिथून परत या आणि पुन्हा जाऊ नका. तुम्हाला जसा जाणून घ्यायचा हक्क आहे, तसाच त्यांना गप्प राहायचाही आहे.

तुमच्या वडिलांचं वाक्य मला सगळ्यांत जड वाटलं. ते चिडून बोलत आहेत असं तुम्ही धरलंय. मला तसं वाटत नाही. ते त्या आजोबांचे चिरंजीव आहेत. आपल्या बापाला लहानपणी गावात कोणी काय म्हणत होतं हे त्यांनी कदाचित स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि ते तुमच्यापर्यंत पोचू नये म्हणून ते आयुष्यभर आड उभे राहिले. त्यांच्याकडे परवानगी मागायला जाऊ नका आणि त्यांच्या पाठीमागेही काही करू नका. त्यांना आधी एवढंच सांगा की मला बाप शोधायचा नाही, तुमच्या आजीबद्दल ऐकायचंय, तुमच्या आठवणीतल्या. ती कशी होती, काय रांधायची, कोणती गाणी म्हणायची, आजोबांना काय हाक मारायची. ८१ व्या वर्षी आजीबद्दल बोलायला माणूस सहसा नाही म्हणत नाही. बोलता बोलता ते थांबले की तुम्हीही थांबा. त्यांनी स्पष्टपणे नकोच म्हटलं तर त्यांच्या हयातीत पाटलांचा विषय, चाचणी आणि गावातली विचारपूस बंद ठेवा. कोतवाल बुक आणि फेरफार तुम्ही शांतपणे पाहू शकता, त्यानं कोणाच्या दारात काही जात नाही.

शेवटी जातपडताळणी, कारण तिला मुदत असते आणि पुतण्याचा बाप, म्हणजे तुमचा चुलतभाऊ, घाबरलेला दिसतो. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात मामांना 'वडील' लिहू नका, कितीही सोपं वाटलं तरी. उतारा स्वतःच 'पालक' म्हणतोय, तेव्हा ती विसंगती समितीच्या नजरेत येणारच, आणि खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे. जे आहे ते लिहा: आजोबांचा सांभाळ मामांनी केला, वडिलांच्या नावाची नोंद शोधूनही मिळालेली नाही. सोबत मामांचा आणि पणजीचा जातीचा जुना पुरावा जोडा. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये आंतरजातीय विवाहातल्या मुलांच्या संदर्भात असं म्हटलं आहे की मूल कोणत्या समाजात आणि कोणत्या परिस्थितीत वाढलं हेही बघावं लागतं. तुमच्या पुतण्याला हे कितपत लागू पडेल ते अशी प्रकरणं चालवणारा वकीलच सांगेल. अर्ज भरण्याआधी त्याला भेटा, नंतर नको.

घरच्या वंशावळीत पणजोबांची जागा सध्या मोकळी ठेवा. तिथे पाटलांचं नाव पेन्सिलीनंही लिहू नका, कारण पुढच्या पिढीच्या हाती गेलं की ते पक्कंच होतं. मोकळ्या जागेखाली कोणकोणत्या वह्या पाहिल्या, कोणत्या वर्षांच्या पाहिल्या, कोण काय म्हणालं, हे तारखेसह लिहा, म्हणजे तुमच्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. शेजारच्या जागेत पणजीचं नाव लिहा, माहेर, जन्माचं अंदाजे साल आणि मृत्यूचं साल घालून. तुम्हाला ते नाव ठाऊक नसेल, तर आत्याला विचारायचा पहिला प्रश्न तोच.